पायवाट, पदपथ आणि काचेचा पूल : मावळ-लोणावळ्यातील पादचारी व सायकल मार्गांच्या विचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

मरगळलेल्या शहरात चालण्याचे व सायकलीचे मार्ग आखले की ते शहर पुन्हा जिवंत होते, ही कल्पना गेल्या तीन दशकांत नगररचनेच्या विचारविश्वात जवळजवळ सर्वमान्य झाली आहे. पॅरिसमध्ये बंद पडलेल्या लोहमार्गाच्या कमानींवर १९९३ साली झाडांनी वेढलेला चालण्याचा मार्ग खुला झाला. सोल शहराने वाहत्या ओढ्यावर बांधलेला उन्नत महामार्ग पाडला आणि २००५ मध्ये ओढ्याचे काठ पादचाऱ्यांना दिले. न्यूयॉर्कमधील हाय लाइनचा पहिला टप्पा २००९ साली सुरू झाला आणि मग जगातील प्रत्येक महापालिकेला आपली एक हाय लाइन हवीशी वाटू लागली. बोगोटा शहराने तर काहीही न बांधता, केवळ रविवारी मुख्य रस्ते मोटारींना बंद करून, १९७४ पासून हेच साधले आहे. या शेवटच्या उदाहरणाची चर्चा आपल्याकडे त्या मानाने कमी होते, कारण त्यात निविदा काढण्यासारखे फारसे काही नाही.

प्रस्तुत लेखात या कल्पनेची चिकित्सा पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा शहर यांच्या संदर्भात करावयाची आहे. लोणावळा हे मरगळलेले शहर नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे सत्तावन्न हजार वस्तीचे हे गाव पावसाळ्यातील एखाद्या रविवारी स्वतःच्या लोकसंख्येहून मोठी गर्दी पेलते. त्यामुळे येथे पुनरुज्जीवन हा शब्द वापरताना प्रथम हे विचारावे लागते की निर्जीव झाले आहे ते नेमके काय? लेखकाच्या मते उत्तर असे आहे की, येथे माणसे भरपूर आहेत. मात्र त्यांची चालण्याची वाट उरलेली नाही.

वाट आणि मार्ग

मराठीत रस्त्याला असलेले शब्द पाहिले तर त्यांतून दोन निरनिराळ्या जाणिवा व्यक्त होतात. वाट, पायवाट, पाऊलवाट, गाडीवाट, आडवाट, चोरवाट, नाळ, खिंड, घाट हे शब्द एका बाजूचे. मार्ग, पदपथ, पादचारी पूल, महामार्ग, द्रुतगती मार्ग हे दुसऱ्या बाजूचे. पहिल्या गटातील वाट कोणी बांधत नाही, ती पडते. वाट पडणे हा क्रियापदाचा प्रयोगच सांगतो की येथे कर्ता अनेक आणि अनामिक आहे. पदपथ मात्र पडत नाही, तो आखला जातो, मंजूर होतो, त्याचे उद्घाटन होते, आणि पुढे कोणीतरी तो उखडतो. वाट मोडते तीही चालणे थांबल्याने. पदपथ माणसे चालत असतानाच मोडतो.

हा भेद केवळ भाषिक नाही. ज्याला आज इंग्रजीतून ट्रेल म्हटले जाते, त्याचे भाषांतर शासकीय कागदपत्रांत मार्ग किंवा पथ असे होते आणि त्या भाषांतराबरोबर वस्तूचे स्वरूपही पालटते. वाटेला फरसबंदी, विजेचे खांब, कठडा, स्वागतकमान आणि छायाचित्र काढण्याची जागा चिकटते. मूळ वाटेवरून जाणारी गवळण, शाळकरी मुले, देवदर्शनाला निघालेली माणसे ही त्या आराखड्यात बहुधा दिसत नाहीत. दिसतो तो पर्यटक.

गो. नी. दांडेकरांचे येथे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तळेगाव दाभाडे हे त्यांचे गाव, आणि सह्याद्रीचे दुर्ग हे त्यांच्या आयुष्यभराच्या पायपिटीचे क्षेत्र. ‘दुर्गभ्रमणगाथा’ काय किंवा पवन मावळाच्या भूमीवर उभी असलेली ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी काय, या लेखनात वाट हे प्रेक्षणीय स्थळाकडे नेणारे साधन म्हणून येत नाही. वाटेवर भेटलेला माणूस, त्याची बोली, त्याच्या घरची भाकरी हाच तेथे प्रवासाचा विषय असतो. दांडेकरांच्या दुर्गप्रेमात भाबडेपणा आहे, अशी टीका होऊ शकते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु चालणारा माणूस प्रदेशाशी कोणते नाते जोडतो, याची जी कसोटी त्यांनी मराठी वाचकाला दिली, तिच्यापुढे आजचे पर्यटन आराखडे ठेवून पाहण्यासारखे आहेत.

तीन वेळा तोडलेली वाट

मावळ हा मुळातच वाटांचा प्रदेश आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावे नद्यांच्या खोऱ्यांची आहेत, आणि घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांमुळे या खोऱ्यांना महत्त्व आले. बोरघाटाच्या परिसरात कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी कोरली गेली ती याच रहदारीच्या आधाराने. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट येथील यवन दाते आहेत. ही माणसे किंवा त्यांचा माल येथवर चालत आला होता, तांड्यांच्या पावलांनी. भारतातील सर्वांत मोठे शैलचैत्य ही एका अर्थाने वाटसरूंच्या देणग्यांतून उभी राहिलेली वास्तू आहे.

कार्ले आणि भाजे ही लेणी इंद्रायणीच्या खोऱ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. दोहोंमधले अंतर सकाळच्या प्रहरात सहज चालून जाण्याजोगे आहे. लोणावळा-पुणे लोहमार्गावरील मळवली स्थानक या दोहोंच्या मधोमध पडते. पुणे-लोणावळा लोकलगाडी १९७८ पासून धावते आहे. म्हणजे लोकलने यावे, मळवलीला उतरावे, दक्षिणेकडे भाज्यास जावे, परत येऊन नदी ओलांडावी आणि उत्तरेस कार्ल्याला, एकवीरेच्या पायऱ्यांशी पोहोचावे, असा दोन हजार वर्षांच्या इतिहासाचा एक पादचारी मार्ग कोणत्याही खर्चिक आराखड्याशिवाय अस्तित्वात आहे.

तो अस्तित्वात आहे असे म्हणताना मात्र थोडे थांबावे लागते. ही वाट आधुनिक काळात तीनदा तोडली गेली. १८३० साली बोरघाटातून मुंबई-पुणे गाडीरस्ता खुला झाला, तो पुढे राष्ट्रीय महामार्ग झाला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, १८६३ मध्ये घाटातील चढणीचा लोहमार्ग पूर्ण होऊन ती मुंबईस जोडली गेली. आणि २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, ज्यावर पादचारी आणि सायकलस्वार या दोघांनाही प्रवेश निषिद्ध आहे. या तिन्ही मार्गांची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. प्रश्न त्यांच्या दिशेचा आहे. हे तिन्ही मार्ग खोऱ्याच्या लांबीने, मुंबईकडून पुण्याकडे जातात. मावळातील माणसाचे चालणे मात्र बरेचसे खोऱ्याच्या रुंदीने असते: डोंगरपायथ्याच्या वाडीतून स्थानकाकडे, शेतातून नदीकडे, गावातून देवीकडे. लांबीच्या प्रवासाला वेग मिळत गेला तसतसे रुंदीचे चालणे पुलांच्या, भुयारी रस्त्यांच्या आणि महामार्ग ओलांडण्याच्या जोखमीच्या स्वाधीन झाले. कार्ला फाट्यावर जुना महामार्ग ओलांडण्यासाठी थांबलेल्या वृद्ध भाविकाला हे सांगावे लागत नाही.

घाटातील जुन्या वाटेचे अवशेषही आपण कसे वागवले ते पाहावे. १८३० च्या रस्त्यावरील दगडी पूल, जो अमृतांजन पूल या नावाने ओळखला जात असे, तो एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात स्फोटकांनी पाडण्यात आला. त्याच्या खांबांमुळे द्रुतगती मार्गावरील वाहतूक अडखळत होती, अपघात होत होते. निर्णयाला कारण होते हे मान्य केलेच पाहिजे. तरीही पॅरिस आणि न्यूयॉर्क यांनी निरुपयोगी झालेल्या लोहमार्गांतून काय घडवले याचे दाखले देणाऱ्या समाजात, एकशे नव्वद वर्षांचा पूल जमीनदोस्त होताना त्याच्या पादचारी भवितव्याची फारशी चर्चा झाली नाही, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

दोन पूल

या लेखाच्या विवेचनाचा गाभा दोन पुलांच्या तुलनेत आहे.

पहिला पूल कुंडमळ्याचा. तळेगावजवळ, बेगडेवाडी स्थानकापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी इंद्रायणीचे पात्र खडकाळ होते, पाणी कातळांतून घुसळत जाते. तेथे नदीवर एक जुना, अरुंद लोखंडी पूल होता. गावकऱ्यांनी शेतात आणि पलीकडच्या वस्तीवर जाण्यासाठी तो वापरावा, हा त्याचा उद्देश. कालांतराने ते पावसाळी सहलीचे ठिकाण झाले. पूल धोकादायक असल्याची सूचना लागलेली होती, नव्या पुलाची प्रक्रिया कागदोपत्री सुरू होती. रविवार, १५ जून २०२५ रोजी दुपारी पर्यटकांची गर्दी आणि दुचाकी यांच्या भाराखाली तो कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली, पन्नासहून अधिक जखमी झाली.

दुसरा पूल काचेचा. लोणावळ्याजवळील टायगर पॉइंट व लायन्स पॉइंट परिसरात दरीवर काचेचा स्कायवॉक आणि त्यासोबत साहसी खेळांची सोय उभारण्याचा सुमारे ३३३ कोटी रुपयांचा पर्यटन प्रकल्प राज्य शासनाने २०२४ मध्ये मार्गी लावला.

हे दोन्ही पूल चालण्याचे आहेत. सरकारी वर्गवारीत कदाचित दोन्ही पादचारी सुविधा या एकाच रकान्यात बसतील. पण एकावरून माणूस कोठेतरी जातो आणि दुसऱ्यावरून तो परत येण्यासाठीच जातो. काचेच्या पुलाला दुसरे टोक नसते. खाली पाहणे हेच त्याचे गंतव्य. पर्यटनाला अशा जागा नकोत असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल, आणि त्यातून स्थानिकांना रोजगार मिळेल हा मुद्दाही दुर्लक्षणीय नाही. आक्षेप आहे तो क्रमाला. ज्या तालुक्यात नदी ओलांडण्याचा साधा पूल धोकादायक ठरूनही वापरात राहतो, तेथे दरीत डोकावण्याचा पूल चालण्याच्या संस्कृतीचे प्रतीक म्हणून मांडणे हा प्राधान्यांचा विपर्यास आहे.

कुंडमळ्याच्या दुर्घटनेनंतर झालेल्या चर्चेत पर्यटकांच्या बेशिस्तीवर पुष्कळ लिहिले गेले. त्याआधी ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही सूर तोच होता, आणि त्यानंतर मनाई आदेश, वेळेचे निर्बंध, पोलीस बंदोबस्त हे उपाय योजले गेले. बेशिस्त असते हे खरे. परंतु मनाई हा चालण्याच्या व्यवस्थेला पर्याय होऊ शकत नाही. ज्या ठिकाणी लोक जाणारच आहेत तेथे सुरक्षित वाट कोणती, पाणी चढू लागल्यावर परतायचे कोठून, एका वेळी किती जणांनी जायचे, हे सांगणारी यंत्रणा म्हणजेच ट्रेल. जगात जेथे जेथे असे मार्ग यशस्वी झाले तेथे बांधकामापेक्षा देखभालीला आणि माहितगार माणसाला महत्त्व आहे. आपल्याकडे कमान बांधायला निधी मिळतो. मात्र वाटाड्याच्या पगाराची तरतूद करताना लेखाशीर्ष सापडत नाही.

मुंबईच्या अनुभवाची येथे आठवण द्यावी लागेल. २००८ पासून मुंबई महानगर प्रदेशात पादचाऱ्यांसाठी स्कायवॉक उभे राहिले. पहिला वांद्र्याचा. पादचाऱ्याला जमिनीवरून उचलून वर नेले की खालचा रस्ता मोटारींना मोकळा मिळतो, हा त्यामागचा हिशेब होता. लोकांनी तो बऱ्याच ठिकाणी नाकारला, कारण दोन जिने चढून जाण्यापेक्षा रस्ता ओलांडणे त्यांना सोयीचे वाटले. वांद्र्याचा मूळ स्कायवॉक तर २०१९ मध्ये बंद करावा लागला. चालणाऱ्याला वर पाठवणे ही त्याची सोय नव्हे.

सायकल : शर्यत आणि चाकरी

सायकलीच्या बाबतीत मावळाचा इतिहास अधिकच उद्बोधक आहे, आणि त्याची दखल नगररचनेच्या अभ्यासांत क्वचितच घेतली जाते. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातील. १८९० पासून चालत आलेली त्यांची व्यवस्था लोकलगाडी आणि सायकल या दोन साधनांवर उभी राहिली. लोहमार्ग लांबचे अंतर तोडतो आणि सायकल स्थानकापासून दारापर्यंतचे. आज वाहतूकतज्ज्ञ ज्याला अखेरच्या टप्प्याची जोडणी म्हणतात, तिचे महाराष्ट्रातील सर्वांत टिकाऊ उदाहरण मावळातून चाकरीला गेलेल्या माणसांनी परशहरात निर्माण केले. त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात मात्र लोकल आहे, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली ही स्थानके आहेत, पण स्थानकापासून गावापर्यंत सायकलीने निर्धास्त जाण्याचा विचार कोणत्या आराखड्याच्या केंद्रस्थानी नाही.

सायकल येथे दिसते ती शर्यतीच्या रूपात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढून येणाऱ्याला घाटाचा राजा म्हणण्याची जुनी रीत आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यात झाली, तिच्या मार्गात मुळशी-मावळचा प्रदेशही होता. शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत झाले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु गुळगुळीत रस्त्यावर मोटारीचा वेगही वाढतो. शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद असतो म्हणून सायकलस्वार सुरक्षित असतो. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता कॉलेजात निघालेल्या मुलीसाठी आधीपेक्षा धोक्याचा झालेला असू शकतो. शर्यतीचा मार्ग आणि सायकलमार्ग या दोन वस्तू वेगळ्या आहेत.

पुणे शहराचा दाखला याच दिशेने जातो. सायकलींचे शहर ही बिरुदावली मिरवलेल्या पुण्यात २००६ मध्ये बसच्या जलद मार्गिकांबरोबर सायकलपट्टे आखले गेले, २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला, आणि त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली रस्तोरस्ती उभ्या राहिल्या. दोनेक वर्षांत त्यांतील बहुतेक दिसेनाशा झाल्या. सायकली आल्या, पण त्यांना सलग वाट मिळाली नाही. पट्टा मध्येच रोहित्रापाशी, टपरीपाशी किंवा बसथांब्यापाशी संपत होता. वाहने नव्हे तर माणसे हलवावीत हे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ सालीच मान्य केले होते. धोरण आणि पट्टा यांच्यामध्ये जे अंतर राहिले, त्यातच शहराची सायकल हरवली.

पुनरुज्जीवन कोणाचे?

पादचारी मार्गांच्या समर्थकांनी एका प्रश्नाला सामोरे जाणे टाळले आहे. न्यूयॉर्कच्या हाय लाइनने परिसर जिवंत केला, पण जमिनीच्या किमती इतक्या चढल्या की शेजारच्या सार्वजनिक गृहसंकुलांतील रहिवाशांना तो मार्ग आपला वाटेना. त्या प्रकल्पाच्या दोन संस्थापकांपैकी एकाने २०१७ मध्ये हे अपयश जाहीरपणे मान्य केले. लोणावळ्यात बंगले आणि शेतघरे यांनी डोंगरउतार व्यापत आणले आहेत. तेथे सुंदर चालण्याचा मार्ग म्हणजे लगतच्या भूखंडाची जाहिरात होण्याची शक्यता अधिक. कुंपण पडले की पहिली गोष्ट अडते ती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट.

मावळाने शहरांसाठी काय काय दिले याची स्मृती येथे ताजी आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वळवणसारखी धरणे शंभर वर्षांपूर्वी झाली. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी प्राण गमावून बसले. पाणी, वीज, जमीन आणि आता देखावा, अशा क्रमाने शहर आपल्याकडे येते असे मावळातील माणसाला वाटले, तर त्याला प्रगतीविरोधी ठरवण्याची घाई करू नये. त्याच्या चालण्यापासून सुरुवात न करणारा कोणताही पादचारी मार्ग त्याला पाचवी मागणी वाटेल.

शेजारच्या रायगड जिल्ह्यातील माथेरान हे या संदर्भात वारंवार आदर्श म्हणून सांगितले जाते. तेथे दस्तुरी नाक्यापाशी मोटारी थांबतात, २००३ पासून परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे, आणि गावाचे सारे अर्थकारण पायी गतीने चालते. मोटारीवाचून गिरिस्थान जगू शकते याचा हा पुरावा आहे. परंतु त्या शांततेचा भार हमालांनी, घोडेवाल्यांनी आणि माणसाने ओढायच्या रिक्षांच्या चालकांनी वाहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा व त्या चालकांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. पर्यटकाच्या आनंददायी चालण्यामागे दुसऱ्या कोणाचे कष्टाचे चालणे असते, हे माथेरानपासून शिकण्यासारखे आहे.

लोणावळ्याच्या बाजारपेठेला मात्र चालणाऱ्या ग्राहकाचा थेट लाभ आहे, आणि येथे समर्थकांचा युक्तिवाद लेखकाला पूर्णतः पटतो. लोहमार्गावर राबणाऱ्या मजुरांच्या गुडदाणीतून चिक्की जन्मली असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे या गावाचा प्रसिद्ध व्यवसायही पायी माणसासाठी सुरू झाला. स्थानकाबाहेर पडलेला प्रवासी चालत बाजारातून गेला तर दहा दुकानांपाशी थांबतो. मोटारीतला एका दुकानापाशी, तेही दुहेरी रांगेत, गाडी चालू ठेवून.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. पदपथ यापुढे शोभेची बाब राहू शकत नाही. आणि ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत लोहगड आहे. लोहगडाला जाण्याची जुनी वाट मळवली स्थानकावरून, भाज्यातून वर चढते. मोटाररस्ता मात्र पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत पोहोचतो आणि पावसाळी सुट्टीच्या दिवशी तोच तुंबतो. वारसा व्यवस्थापनाचा आराखडा करणाऱ्यांपुढे आता दोन पर्याय आहेत. लोहगडवाडीचा वाहनतळ वाढवत न्यायचा, की लोकलच्या फेऱ्या, मळवलीच्या फलाटापासूनचा सावलीचा पदपथ, भाज्यातील घरांत मिळणारे जेवण आणि गावातलेच वाटाडे अशी गडाची सुरुवात स्थानकापाशी आणायची. दुसऱ्या पर्यायाला काच लागत नाही. त्यासाठी रेल्वे, पुरातत्त्व विभाग, वन विभाग, जिल्हा परिषद आणि भाजे-लोहगडच्या ग्रामसभा यांनी एका मेजाभोवती बसावे लागते, आणि पहिल्या बैठकीचे निमंत्रण ग्रामसभांकडून निघावे लागते.